दोन्ही पारे सारखेच

यादोराव रामटेके सानगडीचा, आणि सानगडीच्या माणसानं पाणी बघावं ते तळ्यात. पण हा गडी हवामान खात्यात निरीक्षक लागला, आणि १९७९च्या पावसाळ्यात सरकारनं त्याला थेट बंगालच्या उपसागरात जहाजावर धाडलं. त्याच साली आपला भास्कर उपग्रह वर गेला होता. समुद्रावरच्या हवेत वाफ किती, हे तो तिच्यातून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपून ताडायचा. आता वरच्यानं सांगितलेलं खरं की खोटं, हे खाली कोणी मोजल्याशिवाय कसं कळावं? म्हणून यादोराव डेकवर.

निघायच्या आधी गावानं काय थट्टा केली त्याची! "आमच्या धानावरची वाफ नाही दिसत का रे तुह्या उपग्रहाले?"

"नाही दिसत," तो शांतपणे सांगायचा. "जमीन सोताच लय लहरी सोडते, त्याईच्यात वाफेच्या हरवून जातात. समुद्र त्या मानानं गप रायते."

लोक खदाखदा हसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांचं काय जातं?

हा मात्र कामाला पक्का. बौद्ध मोहल्ल्यातला पहिला सरकारी नोकर. बापाचा जन्म दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करण्यात गेला, आणि पोराची वही मोठमोठे साहेब वाचत. अकरा वर्षांत तिच्यात एक चूक निघाली नव्हती. तेवढीच त्याची इस्टेट.

जुलैत जहाजाच्या वायरलेसवर निरोप आला. बायको, विमलाबाई, तापानं गेली होती. जहाज परतायला अजून नऊ दिवस होते. साहेब म्हणाले, पडून राहा. हा दुपारच्या नोंदी घ्यायला उठला. रडला नाही. घरी आला तरी रडला नाही. बुद्धवंदना झाली, माणसं आली, गेली. हा आपला कपबशी धरून बसलेला. आत सगळं बधिर. विमलाचं नाव तोंडातून निघेना. दगड आहे बुवा, असं लोक म्हणाले. म्हणोत.

धान कापणीला आलं तेव्हा तो रजेवर घरीच होता, आणि साहेबांचं पत्र आलं. 'अमक्या दिवशी दुपारी तुमच्या नोंदीत हवा काठोकाठ ओली आहे. उपग्रह वाफ बरीच कमी सांगतो. तुमची वही चोख, म्हणून तुमचंच खरं धरून आम्ही उपग्रहाचं गणित बदलणार आहोत. एकदा पडताळून कळवा.'

यादोरावनं नकलेची वही उघडली. तारीख निरोपाच्याच दिवसाची. कोरडा पारा २९.४, ओला पारा २९.४.

अरे देवा! दोन थर्मामीटर असतात, एकाच्या टोकाला मलमलीचं फडकं. ते पाण्यात भिजवायचं आणि दोन्ही गरगर फिरवायचे. फडक्यातलं पाणी उडतं तसा तो पारा उतरतो; हवा जितकी ओली तितका कमी. आणि फडकं भिजवलंच नाही, तर दोन्ही पारे सारखेच, जणू हवा वाफेनं ठासून भरलेली. नवशिकाही करत नाही ही चूक.

'भिजवलं होतं' एवढंच लिहिलं असतं तर नाव शाबूत राहिलं असतं. कोण बघायला आलं होतं? पण मग उपग्रहाचं बरोबर गणित त्याच्यापायी बिघडलं असतं. आणि खरं लिहावं, तर अकरा वर्षांच्या कामावर बोळा फिरणार.

तो ओसरीवर बसून राहिला. त्याची माय पार्वताबाई शेजारीच सुपात तांदूळ पाखडत होती.

"काय झालं, बापू?"

"चूक झाली, माय. फडकं भिजवाले विसरलो."

"तू? तू कसा काय विसरला?"

यादोरावनं कागद पुढं ओढला. पेन घेतला, चार ओळी लिहिल्या आणि तिला वाचून दाखवल्या.

'फडके भिजवायचे राहिले. माझी नोंद खोडावी, उपग्रहाची ठेवावी. कारण, त्या दिवशी सकाळी विमला वारल्याचे कळले होते.'

पार्वताबाईचं सूप थांबलं.

"चार महिन्यानं नाव घेतलं रे तू तिचं," ती म्हणाली.

"हो," यादोराव म्हणाला. मग तो पुढची ओळ वाचायला गेला. तिथं फक्त त्याची सही होती, पण ती काही त्याला वाचता आली नाही.