शेखसरांचा गुरुवार

ऑफिसातल्या फायली रिटायरमेंटच्या दिवशी सही करून दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येतात. किस्स्यांचा चार्ज मात्र कोणी घेत नाही. ते साठतच जातात. आमच्या वाचनमंडळाचे हे थोडे.

मंडळ म्हणजे चार माणसं. मी, रिटायर्ड क्लार्क. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले देशमुख, हल्ली त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. माजी मुख्याध्यापिका कुलकर्णीबाई. आणि शेखसर. सर मूळ मालेगावचे. बायको गेल्यावर मुलाच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात, मुलगा दुबईत.

दर गुरुवारी पाच वाजता आळीपाळीने एकेकाकडे जमायचं. ज्याचं घर त्याने एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, चहाही त्याचाच. या खेपेला एक जुनी अमेरिकन कादंबरी होती, मराठी अनुवादात. शेतावर राबणारी, एकटी पडलेली माणसं. आणि त्यांच्यातही एक काळा मजूर, ज्याला बाकीचे आपल्या खोलीत घेत नाहीत.

*

पहिल्याच बैठकीत कुलकर्णीबाई म्हणाल्या, "सर, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो! कुठे शिकलात?"

"मालेगावात, बाई. छत्तीस वर्षं शाळेत मराठीच शिकवलं. शिकवता शिकवता आलं थोडं!"

*

त्या मजुराचं प्रकरण देशमुखांच्या घरी निघालं. देशमुख वाचतात झकास. वाचताना त्यांचाच आवाज भरून आला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "काय माणसं हो ही अमेरिकेतली! काळीजच नाही!"

तेवढ्यात देशमुखांचा मोबाईल वाजला. त्यांच्या सोसायटीत एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता.

"हो, रिकामा आहे ना. टू बीएचके. फॅमिली का? उत्तम! नाव काय म्हणालात?... हं... अहो, तो कालच गेला."

फोन ठेवून त्यांनी पुस्तक उचललं. "हं, कुठे होतो आपण?"

"त्याला खोलीत घेत नाहीत, तिथे," शेखसर म्हणाले.

पंखा आवाज करत होता म्हणून बरं.

*

दुसऱ्यांचं सांगितलं, आता घरचं. आमच्याकडे सहा कपांचा सेट आहे. माणसं हिला धरून पाच. तरी सरांपुढे कागदी ग्लास आला. "कप कमी पडले," ही म्हणाली. मला पाच आणि सहातला फरक कळतो. पण मी जन्मभर वरून आदेश आल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस.

पुढच्या खेपेला सरांनी पिशवीतून स्वतःचा कप काढला. "वहिनी, तुमच्याकडे कमी पडतात ना! धुऊन आणलाय."

हिने तो घेतला आणि त्यात चहा ओतला.

*

सरांचा गुरुवार पहिल्यांदा आला तेव्हा बाई म्हणाल्या, "आज बागेत बसू या का? हवा छान असते."

"हवा माझ्याकडेही येते, बाई."

सगळे हसलो, आणि बागेतच बसलो!

दुसऱ्यांदा त्यांचा गुरुवार आला, तेव्हा माझ्यानंतर नंबर थेट देशमुखांचा लागला. चुकून.

पुन्हा आमच्याकडे जमलो तेव्हा फक्त शेवटचं प्रकरण उरलं होतं. पुस्तकाची प्रत एकच. सरांनी ती उचलून बगलेत धरली. "पुढचा गुरुवार माझ्याकडे. बायको गेल्यापासून माझ्या घरी कोणी बसलेलं नाही. तुम्हीही आला नाहीत, तर मंडळातून माझं नाव काढा."

या वेळी कोणी हसलं नाही.

*

त्या गुरुवारी दुपारी देशमुखांचा फोन. "सोसायटीच्या टाक्या धुवायला माणसं यायचीत. मला हलता येणार नाही."

मग बाईंचा. "माझा गुरुवारचा उपवास हो!"

मागच्याच गुरुवारी बाईंनी आमच्याकडे तीन बटाटेवडे खाल्ले होते. ते मी काढलं नाही, कारण मीही सबबच शोधत होतो. चांगल्या चांगल्या या दोघांनी नेल्या!

शेवटी चपला घातल्या. पोचलो ते वीस मिनिटं उशिरा.

जिन्यातच सरांचा आवाज ऐकू आला. खणखणीत वाचन चाललं होतं. म्हणजे दोघं आलेली दिसतात! जिवात जीव आला.

दार उघडंच होतं. सर समोर बसून वाचत होते. पुढे तीन खुर्च्या मांडलेल्या. तिन्ही रिकाम्या.

मी दाराजवळच्या खुर्चीत टेकलो.

सरांनी पुस्तकातून डोळे वर केले नाहीत. "ती देशमुखांची. तुमची पलीकडची."

मी उठून पलीकडे बसलो. सर पुढची ओळ वाचू लागले.