‘जाऊ द्या’चं बटण

माझी आत्या सत्यशीला दिवसातनं चाळीस वेळा ‘जाऊ द्या’ म्हणते. भाजीवालीनं किडकी जुडी दिली की, “जाऊ द्या ती, दुसरी द्या.” शेजारच्या नंदाबाई सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या की, “जाऊ द्या हो, नंदाबाई.” दूध नासलं तरी तेच. तिची नक्कल करायला फार काही लागत नाही. मान जरा डावीकडं, उजवा हात कानापासनं पुढं माशी हाकलल्यासारखा, आणि ‘द्या’वर थोडं टेकायचं. आमच्या घरात ही नक्कल हमखास चालते. पण २००४ च्या मे महिन्यात ह्याच दोन शब्दांनी आत्याची सतरा वर्षांची नोकरी आणि तिचं नाव, दोन्ही एका ट्रकात घालून गेटापर्यंत नेलं होतं.

आत्या भोकरदनकडची. दहावीला इंग्रजीत नापास झाली, लग्न होऊन जुन्या जालन्यात आली आणि १९८७ साली नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत रोजंदारीवर चाळणीला लागली. फुटका दाणा तिला डोळ्यांआधी बोटाला कळायचा. आठ वर्षांनी तिला उगवण तपासायच्या खोलीत टेबल मिळालं. तिथलं काम सोपं दिसतं. प्रत्येक लॉटचे शंभर दाणे ओल्या कागदावर ट्रेमध्ये मांडायचे, दिवस भरले की कोंब मोजायचे. बाजरीचे पंच्याहत्तर उगवले तर लॉट पास. तो पोत्यांत भरून शेतकऱ्याकडं जाणार. कमी उगवले तर जाता कामा नये. झालं एवढंच.

ह्या खोलीची स्वतःची बोली होती. हाताखालच्या सगुणाबाईला आत्या तीनच गोष्टी सांगायची. ‘उगवला’ म्हणजे पास. ‘थांबवा’ म्हणजे कोंब सुस्त आहेत, ट्रे अजून दोन दिवस ठेवा, परत मोजू. आणि ‘जाऊ द्या’ म्हणजे हा लॉट मेला, सोडा त्याचा नाद. मग सगुणाबाई ट्रे बादलीत रिकामा करायच्या आणि त्या लॉटच्या नमुन्याच्या पिशवीवर पालथा घालायच्या. पालथा ट्रे दिसला की गोदामातला माणूस त्या लॉटला हात लावत नसे. वाचता न येणाऱ्यालाही ते कळायचं.

मग त्या मे महिन्यात कम्प्युटर आला. त्याच्याबरोबर पुण्याहून निरंजन नावाचा सव्वीस वर्षांचा इंजिनियर आला. ह्याची नक्कल अवघड, कारण तो वाक्य संपवतच नाही. “म्हणजे कसंय ना मॅडम, सगळं मराठीत केलंय, अगदी तुमच्या इथल्या बोलीत, म्हणजे तुम्हाला परकं वाटायलाच नको ना...” मॅडम म्हटल्यावर सगुणाबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. निरंजननं अर्ध्या तासात शिकवलं. लॉटचा नंबर टाका, उगवणीचा आकडा टाका, बटण दाबा. शिकवताना जो लॉट घेतला तो ब्याण्णव टक्क्यांचा होता. नापास लॉट त्या दिवशी हाताशी नव्हता, त्यामुळं नापास लॉटला पडद्यावर काय येतं ते आत्यानं पाहिलंच नाही. मॅनेजर साहेबांनी तिची आकड्यांची नोंदवही त्याच संध्याकाळी कपाटात टाकून कुलूप लावलं आणि गोदामाला सांगितलं, आता ट्रे बघायचा नाही, कम्प्युटरची पावती बघायची. हे सोमवारी.

बुधवारी सकाळी दोनशे सतरा नंबरचा बाजरीचा लॉट मोजला. एक्केचाळीस. आत्यानं परत मोजला. एक्केचाळीसच. तिनं आकडा टाकला. पडद्यावर प्रश्न आला: ‘उगवण कमी आहे. काय करायचं?’ खाली दोन बटणं. एक ‘थांबवा’, दुसरं ‘जाऊ द्या’. आत्याला बरं वाटलं. पोरानं खरंच आपल्या बोलीत केलंय. दोन दिवस ठेवून उपयोग नव्हता, कोंबांना बुरशी धरली होती. तिनं ‘जाऊ द्या’ दाबलं, सगुणाबाईंनी ट्रे बादलीत रिकामा करून पालथा घातला.

दुपारी साडेतीनला ती नळावर हात धुवायला बाहेर आली, तर समोर ट्रक भरून उभा. कडेच्या पोत्यावर चिठ्ठी: २१७.

गेटवर आडव्या दांडीपाशी वॉचमन रामराव. रामराव साधं ‘या’ म्हणाले तरी स्टेशनावर गाडी पुकारल्यासारखं वाटतं. आत्या धावतच त्यांच्याकडं गेली.

“रामरावभाऊ, दांडी उचलू नका! ह्या गाडीत नापास माल हाये.”

“नापाऽस? अन् ही पावती? कम्प्युटरनं काढलीय बाई. पास लिव्हलंय बराबर.”

“मी केला न्हाई पास!”

“मंग कोणाचं नाव हाये हे? वाचा की.” पावतीवर छापलं होतं: लॉट २१७, पास, सत्यशीला.

ड्रायव्हर कचरू वरनं ओरडला, “ओ मामा, उठवा ना दांडी! आष्टीला दुकानदार वाट पाहून राह्यला. जल्दी करा!” आणि हॉर्न.

रामरावांनी दांडीचा दोर हाताला गुंडाळला. “बाई, धा मिनटं धरतो. साहेबाचा शबुद आणा. साहेब खिडकीतनं म्हणतील तसं. तवर ही दांडी हालनार न्हाई.”

साहेब म्हणजे मॅनेजर अप्पाराव. त्यांचं ऑफिस वरच्या मजल्यावर, खिडकी थेट गेटवर. निरंजन तिथंच प्रिंटरची तार खोचत बसला होता. आत्यानं एका दमात सांगितलं. अप्पारावांनी पावती पाहिली, आत्याकडं पाहिलं.

“सकाळी तुम्हीच पास केला, अन् आता तुम्हीच नापास म्हणता. समजलं का न्हाई, असं चालत नसतं बाई. आकडा किती होता?”

“एक्केचाळीस.”

“निरंजन, काढा आकडा.”

निरंजननं प्रिंटर सोडला. “आकडा... म्हणजे कसंय ना सर, आकडा आपण ठेवतच नाही. फक्त निकाल ठेवतो. पडदा मोकळा राहतो, गर्दी होत नाही ना...”

“ट्रे आणा मग.”

“रिकामा झाला साहेब. पालथा घातला.”

“वही?”

“तुमच्याच कपाटात. सोमवारपासनं बंद.”

खाली हॉर्न. अप्पाराव खिडकीत गेले, रामरावांकडं पंजा दाखवला: थांब. रामराव दोर धरून वर बघत उभे. पेरणीला पंधरा दिवस होते. पोती एकदा दुकानातनं शेतात गेली की कोणी परत आणत नाही. उगवायचं तेव्हा उगवणार नाही आणि पावतीवर आत्याचं नाव. आणि साहेबांच्या दृष्टीनं पाहिलं तर एक बाई, एक चांगली छापील पावती, आणि कुठंच नसलेला आकडा.

“बसा,” अप्पाराव म्हणाले. “सकाळी काय केलं ते माझ्यासमोर करून दाखवा.”

आत्या खुर्चीच्या टोकावर बसली. २१७. ४१. प्रश्न आला. तिनं बेधडक ‘जाऊ द्या’ दाबलं आणि दोघांकडं वळली. “हे बघा. दिला सोडून.”

निरंजनचा चेहरा पाहण्यासारखा झाला म्हणे. “अहो मॅडम, तुम्ही आत्ता पास केलात.”

“कधी?”

“जाऊ द्या म्हणजे... गोदामातनं बाहेर जाऊ द्या!”

“जाऊ द्या म्हंजे टाका मेलं! सोडून द्या त्याला!”

“मग ‘थांबवा’ कशाला आहे?”

“थांबवा म्हंजे ट्रे दोन दिवस थांबवा! परवा मोजू!”

“पण मी विचारून केलंय ना!” निरंजनचा आवाज चढला. पुण्याचा आवाज चढला की बारीक होतो. “मी स्वतः दोन तास तुमच्या गेटवर बसलो होतो, चहा घेतला, लोक काय बोलतात ते लिहून घेतलं. ट्रक आला की ते मामा काय म्हणतात? जाऊ द्या! दांडी वर! हाच शब्द आहे इथला!”

“गेटावरचा हाये तो. मी गेटावर बसते का?” आत्याचा आवाज मात्र खाली गेला होता. “माझ्या टेबलापाशी किती तास बसलात?”

खाली हॉर्न लांबच लांब. अप्पाराव खिडकीत पाठमोरे उभे, एक हात अजून वर.

“सर, शब्द बरोबरच आहे,” निरंजन म्हणाला. “वापरणाऱ्यानं चुकीचा घेतला तर त्याला मी काय...”

“दाबणारी मी, नाव माझं, अन् शबुद दुसऱ्याचा,” आत्या म्हणाली. “साहेब, सांगा तुम्हीच. जाऊ द्या म्हंजे काय?”

अप्पारावांचं डोकं फिरलं. खाली हॉर्न, मागं हे दोघं, आष्टीच्या दुकानदाराचा सकाळपासनं तिसरा फोन. ते खिडकीतनंच मागं वळले, वर धरलेला हात त्राग्यानं खाली झटकला आणि सगळ्या आवारात ऐकू जाईल असे ओरडले:

“अरे, ते शब्दाचं जाऊ द्याऽऽ!”

आणि गेटवरनं रामरावांचं उत्तर आलं, तेही पूर्ण आवाजात: “जाऊऽ द्याऽ!”

दांडी वर. ट्रक बाहेर.

तिघंही खिडकीशी. धूळ, आणि गेटाच्या खांबाआड जाणारी पोती. रामराव आज्ञा बराबर पाळल्याच्या समाधानानं खालून वर बघत होते.

अप्पारावांनी एकदा रिकाम्या गेटाकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं. तिथं ‘पास’ लिहिलेलं होतं. मग गाडीची किल्ली उचलली. आत्या त्यांच्या मोटारसायकलवर मागं कशी बसली, ते तिलाही सांगता येत नाही. त्या दुपारपर्यंत सतरा वर्षांत साहेबांच्या खुर्चीत सोडा, समोरच्या बाकावरही ती कधी बसली नव्हती. अंबड चौफुलीपर्यंत ती रस्त्यातल्या प्रत्येक ट्रकच्या मागची अक्षरं वाचत गेली, आणि एकही आपला निघाला नाही. चौफुलीवर ट्रक सापडला तर सापडला, नाहीतर आष्टीपर्यंत मधे फोन कुठला.

चौफुलीवर पंक्चरच्या दुकानापाशी कचरू चाकात हवा भरून घेत होता. मागचं टायर बसलं होतं म्हणून. दुसरं काही नाही.

“गाडी मागं घे,” अप्पाराव म्हणाले.

“कामून साहेब? आत्ताच तर म्हणले जाऊ द्या!”

“मी ते... मी तसं...” अप्पाराव थांबले. आत्याकडं पाहिलं. “गाडी मागं घे रे बाबा,” ते म्हणाले.

ट्रक परत आला. दुसऱ्या दिवशी लॉटातले नवे शंभर दाणे अप्पारावांनी स्वतः बसून मांडून घेतले. दिवस भरल्यावर स्वतःच मोजले, एकोणचाळीस निघाले.

पण पडद्यावर २१७ पास आणि सत्यशीला तसंच होतं. आत्या निरंजनच्या समोर जाऊन उभी राहिली. “हे माझं नाव काढा इथनं.”

“निघत नाही ना मॅडम. नोंद एकदा गेली की गेली. तशी सोयच नाही.”

“मंग सोय करा.”

“त्यापेक्षा असं करू, प्रत्येक वेळी परत विचारू. ‘नक्की का?’ म्हणजे चूक होणारच नाही...”

“सगुणाबाई,” आत्यानं हाक मारली, “चहा घेता का?”

“हाव.”

“नक्की का?”

“हाव, हाव.”

“तुम्ही उठून जाता का?”

“हाव,” सगुणाबाई कोंबांतून डोकं वर न काढता म्हणाल्या.

निरंजन हसला नाही. त्यानं वही काढली. त्यानंतर तीन दिवस तो गेटवर नाही, आत्याच्या टेबलापाशी स्टुलावर बसला. बोटांना ओल्या कागदाचा वास लागेपर्यंत बसला. मधून मधून विचारायचा, “मॅडम, आत्ता काय म्हणालात?” आत्या म्हणायची, “काई न्हाई, स्वतःशीच.” तेही तो लिहून घ्यायचा. चौथ्या दिवशी पडद्यावर तीन बटणं आली: ‘उगवला’, ‘परवा मोजू’ आणि ‘पालथा’. पालथ्याच्या शेजारी उलट्या ट्रेचं चित्र. आकडा आता पडद्यावर राहतो, गर्दी झाली तरी. आणि खाली कोपऱ्यात एक लहान बटण: ‘चुकलं, मागं घ्या’. अप्पारावांना ते पटलं नव्हतं, लोक सारखे मागं घेत बसतील म्हणाले. निरंजन म्हणाला, घेऊ देत.

ते बटण पहिल्यांदा आत्यानंच दाबलं. आता नोंदीत दोन ओळी आहेत. वर ‘२१७, पास, सत्यशीला’ आणि तिच्याखाली ‘२१७, ४१, पालथा, सत्यशीला’. पहिली ओळ पुसून टाकू का, असं निरंजननं विचारलं होतं. आत्या म्हणाली, राहू द्या, दोन्ही माझ्याच आहेत.

अप्पाराव आता खिडकीतनं रामरावांना फक्त हिरवा रुमाल दाखवतात, तोंड घट्ट मिटून. आत्याही कंपनीत ते दोन शब्द तोंडातनं काढत नाही, अगदी सगुणाबाईंनी बादली सांडली तरी. आठ तास गिळून ठेवते आणि संध्याकाळी नदीवरचा पूल ओलांडून जुन्या जालन्यात घरी आली की चपला काढायच्या आधीच सुरू होते.