निरोप पोहोचला

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, एका विमा कचेरीचं संगणकाचं काम घरी बसून करतात. घरात त्यांच्या तोंडाला कुणी लागत नाही.

त्यांच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आधाराशिवाय उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दिवसा ताई कामावर, म्हणून त्या मागच्या खोलीतून लेकाला हाक मारायच्या, आणि ती हाक नेमकी मीटिंगमध्ये साहेबांना ऐकू जायची. भावजींची अब्रूच गेली! चार पावलं चालायचं सोडून ते तीन रविवार खपले आणि मोबाईल नि संगणक आपापसांत थेट बोलतील अशी, 'सॉकेट' म्हणतात ती, जोडणी केली. आईच्या मोबाईलवर लालभडक बटण. ते दाबलं की मोबाईल घरच्या वायफायवरून संगणकाच्या ठरलेल्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावणार. संगणक तिथे कान लावून बसलेला. लगेच पडद्यावर पाटी: 'आई बोलावते आहे'.

"आता ओरडायचं नाही हं आई, बटण दाबायचं." आल्यागेल्याला प्रात्यक्षिक सुरू झालं. "अर्ध्या सेकंदात निरोप!"

"मग हाक काय बैलगाडीतून यायची?" मी विचारलं. त्यांनी पुन्हा बटण दाबून दाखवलं.

एक शहाणपणा मात्र त्यांनी लपवला होता. संगणकाचं उत्तर येईपर्यंत मोबाईल क्षणभर गप्प राहायचा, ते पाहुण्यांसमोर बरं दिसेना. म्हणून उत्तर येवो न येवो, बटण दाबताक्षणीच 'निरोप पोहोचला' अशी हिरवी अक्षरं उमटतील, अशी सोय त्यांनी करून ठेवली.

गेल्या मंगळवारी वीज गेली नि आली. वायफायच्या डब्याने संगणकाला नवा पत्ता दिला. मोबाईल जुन्याच पत्त्यावर ठोठावत राहिला.

संध्याकाळी मी ताईबरोबर घरात शिरले, तर तिच्या सासूबाई ओल्या गादीवर, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. आम्हाला आत जाताना बघून भावजी कानांवरचा हेडफोन काढत बाहेरच्या खोलीतून आले.

"अगं आई, मला बोलवायचं नाही का?"

"वीस वेळा दाबलं रे. दर वेळी लिहून यायचं, पोहोचला. मला वाटलं, तुला कळतंय, पण तुला यायचं नाहीये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भावजींनी तोवर मोबाईल उचलून निदान केलं होतं.

"काही नाही, फक्त पत्ता बदललाय," ते सुटल्यासारखे म्हणाले आणि दुरुस्तीसाठी संगणकाकडे गेले. ताईने आणि मी सासूबाईंना उचललं. त्या आमच्याकडेसुद्धा बघायला तयार नव्हत्या.