व्याहीबुवांची आडवी चाल

म्हातारपण कुणाला चुकत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्या व्याह्यांना पाहिलेलं नाही. त्यांच्याही दारात ते आलं होतं. पण व्याह्यांनी त्याला उंबऱ्याबाहेरच उभं करून "आधी तलावाला दोन चकरा मारून या, मग बघू" असं सांगितलं असणार, आणि ते बिचारं अजून चकरा मारत असणार. कारण व्याह्यांना 'नाही' म्हणण्याची छाती अख्ख्या सोलापुरात कुणाला नाही. मला तर नाहीच नाही, कारण मी मुलीचा बाप. लग्नाच्या बैठकीत हा गृहस्थ हात जोडून म्हणाला होता, "आमाला कायबी नको, फकस्त मुलगी द्या." त्या मोठेपणानं मी गहिवरलो होतो. तो गहिवर व्याही आता रोज पहाटे माझ्याकडून चालवून वसूल करत होते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म जॉबर म्हणून काढला. जॉबर म्हणजे अडलेला यंत्रमाग दुरुस्त करून पुन्हा चालता करणारा माणूस. शेकडो मागांच्या खडखडाटात शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडावंच लागतं. निवृत्तीनंतर त्यांच्यापुरता खडखडाट थांबला, आवाज मात्र त्याच पट्टीत राहिला. पहाटे आमच्या फाटकाशी स्कूटर लावून ते "बर्री, बर्री!" अशी कानडीत हाक मारत. म्हणजे 'या, या'. सीमेवरच्या माणसाचं हे असं असतं, हिशेब मराठीत आणि प्रेम नि राग कानडीत. त्या हाकेनं गल्लीतली कुत्री उठत, मग समोरच्या बंगल्यातल्या बाई उठत, आणि सगळ्यात शेवटी मी. दार उघडेपर्यंत दुसरा प्रश्न आलेला असे, "व्याहीबुवा, पोट साफ झालं का?" माझ्या उत्तराची वाट समोरच्या बाई गॅलरीत उभ्या राहून बघत असत. शरीराबद्दलचं त्यांचं तत्त्वज्ञान साधं होतं. "शरीर म्हंजे माग हाय. बंद ठिवला की गंजला." मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. जगातल्या सगळ्या नद्या, डोंगर आणि वाळवंटं मी खुर्चीत बसून ओलांडली होती, आणि उरलेलं आयुष्यही त्याच खुर्चीत काढायचा माझा पक्का बेत होता. गंजायला माझी काही हरकत नव्हती.

त्यांच्या थर्मासमध्ये एक काढा असे. शेवग्याचा पाला, कडुलिंब, मेथी, आलं आणि आणखी एक गोष्ट, जी ते सांगत नसत आणि मी विचारत नसे. तो प्यायल्यावर दिवसभर काहीही गोड लागतं, रक्तदाबाची गोळीसुद्धा. सणावाराला मुलीकडे जेवायला गेलो की रीतीप्रमाणे मला मानाचं ताट वाढलं जाई. शेंगदाण्याच्या गोड पोळीवर विहीणबाई तुपाची धार सोडत, आणि व्याही शेजारून चमचा घालून ते तूप परत काढून घेत. "मान राखला की. आता हार्ट राखा." मुलीच्या सासरी तुपावरून वाद कोण घालणार? मी कोरडी पोळी चावत "वा वा" म्हणत असे.

हे सगळं सोसलं असतं, पण वर आनंदी राहण्याची सक्ती होती. तलावावर त्यांच्याभोवती निवृत्तांचा एक जथा जमला होता. त्यात बीपी, शुगर आणि सुना या तिन्ही विषयांना बंदी होती. आता हे तीन विषय काढून टाकले तर निवृत्त माणसानं बोलायचं तरी काय? सगळे गप्प चालत, आणि व्याह्यांना ती मनःशांती वाटे. एकदा त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या दहाव्याला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. पिंडाला कावळा शिवत नव्हता. दर्भाचा कावळा करावा की आणखी थांबावं यावर कुजबुज चालली होती. ऊन चढत होतं. व्याही उठले. "असली रडकी तोंडं घिऊन बसल्यावर कावळा तरी कशाला यील? त्येनं जन्मभर आपल्याला हसवलं. हसा की जरा!" आणि त्यांनी हात वर करून हास्यव्यायामाची सुरुवात केली. आधी गुरुजी दचकले. मग गेलेल्याची बायको पदर तोंडाला लावून रडता रडता खुदकन हसली, आणि मग सगळेच हसले. मुलीचा बाप म्हणून मीही हसलो. कावळा आला. त्या दिवसापासून सकारात्मक विचारांचा परिणाम ते पुराव्यासकट सांगू लागले, आणि साक्षीदार म्हणून मला पुढे करू लागले.

तर गेल्या हिवाळ्यात त्यांनी एक नवीन व्यायाम काढला. तलावाच्या पायऱ्या सरळ उतरायच्या नाहीत. कठड्याला धरून, अंग आडवं करून, आधी डावा पाय, मग त्याच्या शेजारी उजवा, असं खेकड्यासारखं उतरायचं. "यानं कमरेचे स्नायू मोकळे हुतात," त्यांनी सांगितलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून निवृत्त तहसीलदार, निवृत्त स्टेशनमास्तर आणि अर्थात मी, सगळे कठड्याला धरून आडवे उतरू लागलो. आठवड्याभरात पलीकडच्या योगवर्गातल्या बायकाही तशाच उतरू लागल्या. एका काकांनी तर आपल्याला या व्यायामानं रात्री झोप लागते असंही जाहीर केलं. सकाळी सकाळी एवढी सुशिक्षित माणसं तोंडानं 'हा हा हा' करत तिरकी तिरकी पाण्याकडे निघालेली बघून नवखा माणूस पोलिसांना फोन करायचा.

मी यात अडकलो कसा, तर माझ्या सभ्यपणामुळे. माझी बायको गेली आणि घर एकदम मोठं झालं. दीडेक महिन्यानं एका पहाटे व्याही पहिल्यांदा येऊन मला घेऊन गेले. परतताना त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" माझे पाय सोलून निघाले होते. पण व्याह्यांना असं कसं सांगणार? म्हणालो, "फार प्रसन्न वाटलं. रोज यायला हवं." शिष्टाचाराचं एक वाक्य. 'या एकदा घरी' म्हणावं तसलं. ते कुणी खरं मानतं का? व्याह्यांनी मानलं.

शेवटी एका रविवारी मुलगी माहेरपणाला म्हणून दुपारपुरती आली तेव्हा मी बंड पुकारलं. म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांना सांग, माझ्यानं आता चालणं होत नाही. तू सांग. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही."

तिनं निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली. म्हणाली, "अप्पा, चालणं मामांना होत नाही. दोन्ही गुडघे गेलेत त्यांचे. डॉक्टर वर्षभर ऑपरेशन करा म्हणून मागं लागलेत. आता केलं नाही तर चाकाची खुर्ची घ्यावी लागेल, असंसुद्धा सांगितलं. संध्याकाळी सासूबाई मिठाच्या पुरचुंडीनं शेकत बसतात."

"मग रोज येतात कशाला?"

"तुमच्यासाठी. ऑपरेशनचं काढलं की म्हणतात, मी दोन महिने पडून राहिलो तर तुझ्या वडिलांना कोण नेणार? त्यांचा तेवढाच विरंगुळा हाय. फिरणं बंद झालं तर ते अंथरूण धरतील."

दुसऱ्या दिवशी तलावावर मी पहिल्यांदा त्यांच्या आवाजाकडे लक्ष न देता पायांकडे पाहिलं. पायरीवर उजवा पाय टेकला की त्यांचा जबडा आवळला जाई, आणि मग ते जास्तच मोठ्यांदा हसत. कमरेच्या स्नायूंचा काही संबंध नव्हता. सरळ उतरता येत नव्हतं म्हणून तो माणूस आडवा उतरत होता, आणि आम्ही शहाणी माणसं त्याच्यामागून त्याचं लंगडणं आरोग्यासाठी गिरवत होतो.

आता हे थांबवायचं कसं? गुडघ्यांचं मला कळलंय असं म्हणावं तर त्यांना कमीपणा. त्यांचा तो काढा, तो व्यायाम मला नको होता असं म्हणावं तर मुलीच्या सासरचा अपमान. मी मधला रस्ता काढला. म्हटलं, "व्याहीबुवा, अलीकडे फिरायचा कंटाळा येतो." त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. मला उदासी आली असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि संध्याकाळची फेरीही सुरू केली. माझ्या मधल्या रस्त्यानं त्यांच्या गुडघ्यांची चाल दुप्पट करून ठेवली.

तेव्हा मी जे केलं ते आमच्या घराण्यात कुणी केलं नसेल. मी मुलीच्या सासरी जाऊन आवाज चढवला. व्याही झोपाळ्यावर बसले होते. मी चपलाही नीट काढल्या नव्हत्या. "ऑपरेशन करून घ्या. नाहीतर उद्यापासून मी दार उघडणार नाही. कितीही हाका मारा." झोपाळा थांबला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात पांढरीफटक होऊन उभी राहिली. आतून विहीणबाईंचा आवाज आला, "बरं झालं बाई, कुणीतरी बोललं!"

व्याही चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आन मग तुमचं कसं व्हायचं?"

"मी एकटा जाईन. रोज जाईन. येऊन तुम्हाला सांगीन."

ऑपरेशन झालं. आयुष्यभर माग आणि निवृत्तीनंतर लोकांची शरीरं चालती करणाऱ्या या माणसाला आता व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी घरी येऊ लागली, आणि तिनं गुडघा वाकवला की व्याही "आईगं!" म्हणून सगळी सोसायटी डोक्यावर घेऊ लागले. सकारात्मक विचारांची आठवण त्यांना करून द्यायचा मोह मी कसाबसा आवरला. कबूल केल्याप्रमाणे मी तलावावर एकटा जात होतो. जथ्यातले लोक आता बीपी, शुगर आणि सुनांवर मनसोक्त बोलत होते. मला हवी होती ती शांतता मिळाली होती, माझ्या वेगानं मला चालता येत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते अजिबात आवडत नव्हतं. फेरी उरकून मी त्यांच्याकडे जाई आणि कोण आलं होतं, कोण नव्हतं ते सांगत बसे.

परवा त्यांनी वॉकर घेऊन खोलीपासून व्हरांड्यापर्यंतची पहिली मोठी चाल केली. मी शेजारून चाललो होतो. दारापाशी ते थांबले. त्यांच्या गळ्यात इतका खालचा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"व्याहीबुवा, खरं सांगा. तुमाला आवडायचं का वो फिरायला?"

"नाही," मी म्हणालो. "एक दिवससुद्धा नाही."

"मग येत कशाला हुता?"

"घरात मला हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं."

रस्त्यावरून एक दूधवाला गेला, त्यानं ओळखून हात केला, तरी व्याह्यांनी पाहिलं नाही. मग म्हणाले, "दमलो मी. बसूया का जरा?"

मी व्हरांड्यातल्या दोन्ही खुर्च्या जवळ ओढल्या.