ओनेलिओची मूळव्याध

साखर कारखान्याच्या इंजिनावर ओनेलिओ आणि विफ्रेदो यांनी जन्म काढला. धूर दोघांनी वाटून घेतला, इंजिनाचाही आणि चिरुटांचाही. डॉमिनोच्या टेबलावर ते एकमेकांचे भिडू. तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सरही दोघांना एकाच वर्षी निघाला, याचं गावाला फारसं नवल वाटलं नाही.

किमो संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना वेगवेगळं बोलावून समजावलं. नवी लस होती. रोग हटवणारी नव्हे, फार तर त्याला आवरून धरणारी. तेवढं तरी तिला जमतं का, हेच पाहायचं होतं. म्हणून निम्म्यांना लस, निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि कोण कशात ते चिठ्ठीवर. विफ्रेदोला लस मिळाली नाही. त्याने ते टेबलावर हसतहसत सांगितलं आणि विचारलं, "तुझं काय?"

"तेच," ओनेलिओ म्हणाला.

दयेपोटी खोटं बोललो, अशी त्याने मनाची समजूत घातली. खरं तर भिडूच्या ताटातलं ओढून घेतल्यासारखी त्याला लाज वाटली होती.

लस महिन्यातून एकदा, दोन्ही दंडांत आणि दोन्ही कुल्ल्यांत. त्या दिवशी बाकावर टेकणं मुश्कील. 'मूळव्याध', त्याने ठोकून दिलं. पुढे विफ्रेदो वाळत चालला आणि याच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. मग हा बाबा छाती धरून खोकायला लागला. घरी आल्यावर त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे. त्यात विफ्रेदोची बायको सोराइदा जुन्या पडद्याची उशी शिवून घेऊन आली, मधोमध भोक ठेवलेली. तिच्यावर बसल्यावर ओनेलिओला मान वर करवेना.

विफ्रेदोने अंथरूण धरलं. ओनेलिओ भेटायला गेला आणि सवयीने उशाशी खोकला.

"घशातून खोकतोयस," विफ्रेदो म्हणाला. "आमचा खालून येतो."

ओनेलिओने छातीवरचा हात खाली घेतला.

"मूळव्याध मी पहिल्याच खेपेला ओळखली. महिन्याच्या महिन्याला उठते होय रे? म्हटलं, लाजतोय, लाजू दे. उशी मीच शिवायला सांगितली. पण तू खोकायला लागलास, आणि मला वाटलं, लसही वाया गेली." त्याला धाप लागली. "मला तुझ्याशी ताडून बघणार आहेत, गाढवा. तू टिकलास तर माझं जाणं कुणाच्या तरी कामी येईल. एवढंच होतं माझ्याकडे, आणि तेही तू खोकून घालवलंस."

ओनेलिओला रडूही आलं नाही, इतका तो शरमला.

विफ्रेदो गेला त्या दिवशी ओनेलिओ सकाळीच लस टोचून आला होता. शवपेटीशेजारी सगळा गाव बसला होता. सोराइदाने त्याला तब्येत विचारली.

"बरा आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला लस मिळाली होती. लागू पडतेय बहुतेक."

त्याचे कान तापले. सोराइदा आत गेली, आणखी एक उशी घेऊन आली आणि पेटीजवळच्या खुर्चीवर ठेवली.

"दुसरी शिवून ठेवायला सांगितली होती त्याने," ती म्हणाली. "म्हणाला, पहिली झिजेल. बस."