मागच्या भोकातली वायर

मी मितभाषी माणूस आहे, ही गोष्ट एका रविवारी अर्ध्या मंगरूळपीरला भोंग्यावरून कळली.

कॅसेट रेकॉर्डर तेव्हा आमच्याकडे नवलाईची वस्तू होती. माझा मुलगा मिलिंद दोन वर्षांच्या करारावर मस्कतला वेल्डर म्हणून गेला होता. त्याच्याबरोबर काम करणारा मानोऱ्याचा एक गृहस्थ सुटीवर आला, त्याच्या हाती मिलिंदने मशीन, दोन्ही कान झाकणारे हेडफोन आणि स्वतःच्या आवाजाची एक कॅसेट पाठवली. कॅसेटच्या शेवटी तो म्हणाला, "बाबा, खरं सांगा. आई गेल्यावर तुम्ही एकटे पडलात ना? तसं असेल तर मी करार मोडून येतो."

करार मोडला असता तर त्याला पुन्हा तिकडे कुणी उभं केलं नसतं. मिलिंदला थोपवायलाच हवं होतं, आणि त्यासाठी मी एकटा नाही हे सिद्ध करणं भाग होतं.

अडचण एवढीच, की मी एकटा होतो! कचेरीत बारनिशीवर दिवसभर आवक-जावक लिहायची, घरी येऊन कुलूप काढायचं, सकाळी पुन्हा लावायचं. किराण्याची यादी मी दर शनिवारी क्रमांक घालून करतो. पूर्वी ती सत्तावीसपर्यंत जायची. आता नवावर संपत होती, आणि नववा क्रमांक काडेपेटीचा होता.

त्यात आमच्या गल्लीतल्या विहाराचं सामान माझ्या ताब्यात होतं: सतरंज्या, दोन पेट्रोमॅक्स, अ‍ॅम्प्लिफायर. (यादी मीच केलेली, एक सतरंजी उंदराने कुरतडलेली, असा शेराही त्यात आहे.) वैशाख पौर्णिमा जवळ आली होती. मिलिंदच्या मशीनवरून विहारात गाणी लावावीत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. म्हणून त्या रविवारी सकाळी मी मशीनच्या मागच्या भोकात एक वायर खोचली, ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, आणि तिथून लांब वायर विहाराच्या छपरावरच्या भोंग्यापर्यंत नेली. चाचणी झकास झाली. नंतर मी हेडफोन लावून पाहिले. पुढच्या भोकात त्यांची पिन घातली, की मशीनचा आवाज गप्प! सगळा आवाज फक्त माझ्या कानात!

मी वहीत लिहिलं : "हेडफोन लावल्यास बाहेर आवाज जात नाही." खाली तारीख घातली, सही केली.

(हेडफोनने गप्प होतो तो मशीनच्या पोटातला लहान स्पीकर. मागच्या भोकातली वायर बापड्या हेडफोनला ओळखतही नाही. हे वहीत नव्हतं, आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद करायचा राहिला हेही नव्हतं.)

दुपारी चारला दार लावून घेतलं, हेडफोन चढवले, मुद्द्यांचा कागद समोर धरला आणि लाल बटण दाबलं.

"मिलिंद, मी तुझा बाबा बोलतो आहे. मुद्दा पहिला, प्रकृती."

माझाच आवाज कानात घुमला. दोन दिवसांत त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी बोलत होतं. बरं वाटलं. मग मी जरा सैल सुटलो.

"मुद्दा दुसरा, सोबत. अरे, एकटेपणा कसला? समोरचे देवराव रोज संध्याकाळी पत्ते खेळायला येतात. आम्ही सात-आठ खेळतो. ते रोज हरतात! हरले की चिडतात, पत्ते फेकतात. पण दुसऱ्या दिवशी हजर! मुद्दा तिसरा, जेवण. शेजारच्या कौसल्याबाई रोज वांग्याची भाजी पाठवतात. मीठ अंमळ जास्त असतं, पण बाई मनाची मोठी—"

एवढ्यात कुणीतरी माझ्या डाव्या कानावरचा हेडफोन उचलला. देवराव होते. पुढचं दार ठोठावून हात दुखला, म्हणून मागच्या अंगणातून आले होते.

"काहो बाबू, मी कवा हारलो तुमच्यासंगं?"

"देवराव, तुम्हाला कसं कळलं?"

"मले? अवघ्या गावाले कळलं! बस स्टँडवर लोक उभे राहून आयकून राह्यले!"

आणि माझ्या त्या मोकळ्या कानात, विहाराच्या छपरावरून, देवरावांचाच आवाज आला : "उभे राहून आयकून राह्यले!"

मी हेडफोन काढून ठेवले. देवराव मात्र थांबायला तयार नव्हते.

"दोन वर्सांत मी तुमच्या घरची पायरी नाई चढलो, अन् म्हने रोज हारतो! मी पत्ते फेकतो? अहो, सात-आठमंदी मले हारवनारा अजून पैदा व्हायचा हाय! काढा पत्ते! आत्ताच्या आत्ता काढा!"

"माझ्याकडे पत्ते नाहीत."

"आयका! पत्ते नाई, अन् हारवते मले!"

हेही भोंग्यावरून गेलं. विहाराकडून हसण्याचा आवाज आला. तेवढ्यात कौसल्याबाई पदर खोचून मागच्या दारात उभ्या.

"बाबू, माह्या भाजीत मीठ जास्त?"

"तसं नाही, बाई—"

"चाखली कवा तुमी?"

"नाही चाखली."

"मंग खारट कशी निंगाली? तिकडं माह्या जावेनं आयकलं ना! आता वर्सभर मले सोडत नाई ते! बसा इथंच. हलू नका!"

त्या तरातरा गेल्या. देवराव मशीनकडे वळले, वायरी निरखल्या आणि मागच्या भोकातली नेमकी वायर उपटली. (त्या माणसाने आयुष्यात रेकॉर्डर पाहिला नव्हता.)

थोड्या वेळाने कौसल्याबाई पातेलं घेऊन आल्या, भाकरीही होत्या. कुणीतरी पत्ते आणले. गल्लीतली दहा-बारा माणसं निकाल बघायला आत शिरली. मी भाजी चाखली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ बरोबर आहे," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांगा!"

मोठ्याने सांगितलं. माझं ताट वाढता वाढता त्या हळूच म्हणाल्या, "एकटं वाटे तं सांगाचं होतं. तुमच्या दारावर कागद लावला हाय ना, 'सामान रविवारी नऊ ते दहाच मिळेल.' आमाले वाटलं, दहानंतर तुमाले मानूसच चालत नाई."

मी ताट पुन्हा पुढे केलं. भाजी खरोखर फार चांगली झाली होती.

देवरावांनी मला ओळीने सात डाव हरवलं. कॅसेटची ती बाजू मी पुसली आणि दुसऱ्या बाजूवर तो सगळा गलका भरून घेतला : देवरावांच्या आरोळ्या, कौसल्याबाईंचं "घ्या अजून," पोरासोरांचा दंगा. एक शब्द खोटा नाही. दुसऱ्या दिवशी पार्सल रवाना.

महिन्याभराने मिलिंदचं उत्तर आलं. मी हेडफोन लावून ऐकलं. "बाबा, काळजी मिटली! केवढी माणसं तुमच्याभोवती! म्हणून करार आणखी वर्षभर वाढवून घेतला. ऑक्टोबरची सुटीही घेत नाही."

ती कॅसेट मी तीनदा ऐकली. मग नवी कॅसेट घातली, मागच्या भोकात वायर नाही ना ते बोट घालून पाहिलं, आणि लाल बटण दाबलं. "मिलिंद, मुद्दा एकच. घरात चिटपाखरूही नाही रे. मी अगदी एकटा—"

"बाबू, कोनासंगं बोलून राह्यले?" मागच्या दारातून देवराव. "पत्ते पिसा लवकर! कौसल्याबाई, ताटं चार वाढा, माहा साळा बी येऊन राह्यला!"

मी पुसून पुन्हा सुरुवात केली. रविवारी केली, बुधवारी केली, एकदा तर कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून केली. छे! जन्मात एकदाच एकटेपणाची नड लागली, तर घरात पाच मिनिटांपुरताही तो शिल्लक नव्हता!