बरोबरीचा नियम

महानंदा सदलगेने बेसबॉलचा चेंडू कधी हातात धरला नव्हता. तरी अमेरिकेतले हजारो लोक रोज सकाळी तिने काढलेला आकडा बघायचे, आणि आपला संघ बाद फेरीत जाणार की घरी बसणार या काळजीने ऑफिसला जायचे. इकडे महानंदा त्यांच्याहून जास्त काळजीत असायची, ते त्यांना कुठून कळणार?

ती मूळची निपाणीकडची. पंधरा वर्षं एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. नंतर विषयाला मुलं मिळेनात, तुकडी बंद झाली, आणि चाळिशी ओलांडल्यावर ती बेंगळुरूला आली. नवरा दयानंद आधीपासून इथंच होता. शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत त्याचं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं वर्कशॉप होतं, त्याच्याच वरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. महानंदाला नोकरी लागली ती इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका छोट्या कंपनीत. एका अमेरिकन क्रीडा वेबसाइटसाठी भाकितं तयार करायची, एवढंच तिथल्या अकरा जणांचं काम.

काम सांगायला सोपं होतं. तीस संघ, प्रत्येकाचे एकशे बासष्ट सामने, आणि शेवटी बारा संघ बाद फेरीत. उरलेला हंगाम संगणकात दहा हजार वेळा खेळवायचा आणि कुठला संघ त्यात किती वेळा बारांत येतो ते मोजायचं. शंभरात साठ वेळा आला तर साठ टक्के. मुलाखतीत महानंदा म्हणाली होती, "खेळ मला कळत नाही. पण मोजताना चूक होऊ देणार नाही."

सासू सकवारबाईंना हे काम मुळीच पटलेलं नव्हतं. "एवढं शिकलीस, आन कोण जिंकंल ते ठामपणे सांगता यीना व्हय तुला?" त्या विचारायच्या.

"सांगता येत नाही आत्ती. शक्यता सांगायची."

"मग ते तर आमी बी सांगताव की."

तिकडच्या संध्याकाळचे सामने म्हणजे इकडची पहाट. सहाच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून महानंदा फोनवर धावा बघत जायची. सिल्क बोर्ड चौकाच्या कोंडीत बस अडकली की बहुतेक सामने आटपत आलेले असायचे. ऑफिसात पाऊल टाकताच नवे आकडे काढायचे, तीनदा तपासायचे, मग पाठवायचे. पाठवल्यावर ती चौथ्यांदा तपासायची. सगळे हसायचे. तिचा वरिष्ठ राजस पुण्याचा, वयाने तिच्याहून बारा वर्षं लहान. तो म्हणायचा, "मॅडम, सेंड झालंय आता, रिलॅक्स करा ना." तिला रिलॅक्स होता येत नसे. रविवारी भाजी निवडतानासुद्धा कुठल्या तरी रकान्यात एक शून्य जास्त पडलंय असं तिला वाटायचं.

त्या वर्षी सप्टेंबरात सगळ्यांचं लक्ष एकाच चढाओढीकडे होतं. शेवटची एक जागा आणि दोन संघ. एक मोठ्या शहराचा, श्रीमंत. दुसरा एका नदीकाठच्या गावाचा, 'फेरीमेन' नावाचा. बेंगळुरूच्या ऑफिसात त्यांचं नाव 'नावाडी' पडलं होतं. बरीच वर्षं ते बाद फेरीत गेले नव्हते. हंगाम संपायला नऊ दिवस होते आणि महानंदाचा आकडा सांगत होता, नावाडी एक्केचाळीस टक्के.

वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणं हे शुक्रवारचं काम. त्या शुक्रवारी नदीकाठच्या त्या गावातून एक पत्र आलं होतं. लिहिणारा शाळेची बस चालवायचा. त्याने विचारलं होतं, "दोन्ही संघांची बरोबरी झाली तर जास्तीचा निर्णायक सामना सोमवारी असेल की मंगळवारी? मला रजा आधी टाकावी लागते."

उत्तर दोन ओळींचं होतं. पण न तपासता लिहील ती महानंदा कसली! तिने नियम उघडून बघितले. जास्तीचा सामना नव्हताच. तो नियम काही वर्षांपूर्वीच रद्द झाला होता. आता बरोबरी झाली तर आपापसातल्या सामन्यांत ज्याने जास्त जिंकले तोच पुढे जाणार. आणि आपापसात नावाडी हरलेले होते.

तिने लगेच भाकिताच्या प्रोग्रॅममधला बरोबरीचा भाग उघडला. बरोबरी झाल्यास: नाणेफेक. अर्धे याला, अर्धे त्याला. जुन्या निर्णायक सामन्यासाठी कुणीतरी कधीकाळी लिहिलेला तो तुकडा तसाच राहिला होता. खाली नोंद होती, 'तपासले: महानंदा'.

तिने कागद घेतला आणि हाताने हिशोब मांडला. शंभर हंगाम खेळवले तर सोळांत बरोबरी व्हायची. त्यातले आठ आपण नावाड्यांना फुकट देत होतो. खरा आकडा एक्केचाळीस नव्हता, तेहतीस होता. आणि वेबसाइटवर हे शक्यतांचं पान सुरू होऊन अडतीस दिवस झाले होते.

तिने डबा उघडला नाही. दुपारी तीनला ती राजससमोर जाऊन उभी राहिली.

राजसने सगळं ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं. "मॅडम, गुरुवारी रिन्यूअलची मीटिंग आहे. माहितीये ना?"

"माहीत आहे."

"ते वेबसाइटवाले तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करणार आहेत. आणि आपण आत्ता जाऊन सांगायचं की अडतीस दिवस आम्ही चुकीचं छापलं?" त्याने डोक्याला हात लावला. मग त्याचा आवाज जरा उतरला. "हे बघा, आज आपण आकडे पाठवल्यानंतर नावाडी हरलेत. उद्या आकडा तसाही खाली येणार. त्यातच हे फिक्स करून टाका. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

हे खरं होतं, म्हणूनच महानंदाला भीती वाटली. हरल्यामुळे चार-पाच टक्के उतरणारच होते. त्यात आणखी आठ मिसळले तर कोण मोजायला बसणार? वाचक म्हणतील, हरले म्हणून घसरले. चूक गिळली जाईल आणि ढेकरही येणार नाही.

"मी विचार करते," ती म्हणाली.

घरी तिने दयानंदला सांगितलं. तो मशीनवर सीटची शिवण घालत होता. पाय थांबवून त्याने ऐकलं.

"किती माणसं हाईत तुझ्या हापिसात?"

"अकरा."

"मग एकटीचा इचार कशाला करतीस? त्यो राजस वाईट सांगत न्हाई. दुरुस्त तर करणारच की तुमी. मग बोंब मारून काय मिळणार?"

"लोक तो आकडा खरा धरून बसलेत, अहो."

"खेळ हाय त्यो, महानंदा. कुणाचं काय जातंय?"

अंथरुणावर पडल्यावर तिला विमला आठवली. कॉलेजात असताना महानंदाने तपासलेल्या एका पेपरात बेरीज उतरवताना चूक झाली होती, बावन्नचे पंचवीस झाले होते. विमला नापास झाली. महिन्याभराने जुने गठ्ठे चाळताना महानंदाच्या ते ध्यानात आलं. तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, "निकाल लागून गेला. आता कुणी विचारलं तर बघू." कुणी विचारलं नाही. महानंदाही गप्प राहिली. पुढच्या वर्षी चौकशी केली तेव्हा कळलं, विमलाचं शिक्षण थांबवून तिचं लग्न लावून दिलं होतं. ही गोष्ट महानंदाने आजवर कुणालाही सांगितलेली नव्हती, दयानंदलासुद्धा.

शनिवारच्या बसमध्ये बसल्या बसल्या तिने त्या बसचालकाला उत्तर लिहिलं. 'जास्तीचा सामना होणार नाही, त्यासाठी रजा टाकू नका. बरोबरी झाली तर तुमचा संघ बाहेर जाईल. हे आमच्या आकड्यात धरलेलं नव्हतं. आमचा एक्केचाळीस चुकीचा होता, खरा आकडा तेहतीस. चूक तपासणाऱ्याची, म्हणजे माझी आहे.' तिने ते तीनदा वाचलं. बस उड्डाणपुलावर चढली आणि तिने पाठवायचं बटण दाबलं. या वेळी चौथ्यांदा वाचलं नाही.

मग तिने राजसला फोन लावला आणि उत्तर पाठवल्याचं सांगितलं.

"निदान आधी मला सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं, आणि मी थांबले असते."

राजस चिडला होता, पण पळपुटा नव्हता. त्याने गुरुवारची मीटिंग सोमवारी ओढून घेतली. दोन दिवस महानंदाने अडतीस दिवसांचा तक्ता केला. कुठल्या दिवशी कुठल्या संघाचा आकडा कितीने चुकला, सगळं. ऑफिसात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. चहाच्या टेबलाशी ती गेली की गप्पा थांबायच्या. कालपर्यंत 'अक्का, अक्का' करणारी शेजारची मुलगी मान वर करेना. त्या सगळ्यांची घरं तिला दिसत होती. कुणाचं सर्जापूर रोडला नवं बिऱ्हाड, कुणाची आजारी आई. डबा ती तसाच घरी परत न्यायची.

सोमवारी पडद्यावर अमेरिकेतली संपादक बाई आली. तिने आधी एकच प्रश्न विचारला, "हे कुणाला सापडलं?"

राजस म्हणाला, "ज्यांनी चुकीवर सही केली होती, त्यांनाच."

महानंदाने तक्ता दाखवला. बाईने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. शाबासकी दिली नाही आणि आवाजही चढवला नाही. "दुरुस्ती आज पहिल्या पानावर जाईल. कराराचं हंगाम संपल्यावर बोलू," एवढं म्हणून ती गेली.

दुरुस्ती छापून आली आणि शिव्यांचा पाऊस पडला. 'बेसबॉल न बघणाऱ्यांना आकडे काढायला बसवल्यावर दुसरं काय होणार?' असं एकाने लिहिलं होतं. महानंदा ती प्रत्येक ओळ वाचायची. राजस म्हणाला, "कमेंट्स वाचू नका, प्लीज." ती हो म्हणायची आणि वाचत राहायची.

इकडे दोन्ही संघ बरोबरीने चालले होते. आज हा एकने पुढे, उद्या तो. बरोबरीची शक्यता सोळावरून बावीसवर गेली, बावीसवरून एकतीसवर. महानंदाला कळेना आपल्याला काय हवंय. बरोबरी झाली तर आपण सांगितलं ते योग्य होतं हे जगाला दिसेल. पण मग ते नदीकाठचं गाव एका कलमापायी बाहेर जाईल. आणि बरोबरी झालीच नाही तर? एवढं सगळं कशासाठी केलं?

शेवटचे सामने आपल्याकडे रविवार उलटून गेल्यावर संपणार होते. सोमवारी सकाळी सकवारबाईंनी तिला विचारलं, "काय झालं गं तुज्या नावाड्यांचं?"

"बघितलं नाही अजून."

"बग की मग. भ्यालीस व्हय?"

"हो, भ्याले."

सासूने डब्यात एक भाकरी जास्त घातली. बस निघाली, रिचमंड सर्कल गेलं. फोन पिशवीतच होता. कोंडीत पंधरा मिनिटं बस जागची हलेना, तेव्हा तिने तो काढला आणि एका डोळ्याने बघावं तसं बघितलं.

नावाडी हरले होते. एका सामन्याने मागे राहिले होते. बरोबरी झालीच नव्हती. ज्या नियमापायी हे सगळं झालं, तो कुणाला लागलाच नव्हता.

ती हसली की रडली हे तिलाही सांगता आलं नसतं. शेजारच्या बाईने कन्नडमध्ये विचारलं, "काय झालं अक्का? कुणाची वाईट बातमी?"

"नाही," महानंदा म्हणाली, "माझ्या ओळखीच्या गावचा संघ हरला."

करार झाला, पण तीन वर्षांचा नव्हे, एका वर्षाचा. अकराचे अकरा जण राहिले. महानंदाच्या नावावर एक ताकीद चढली, आणि यापुढे तिच्या कामावर दुसऱ्या कुणाची सही लागेल असं ठरलं. ते तिला मनापासून आवडलं. बसचालकाचं उत्तर कधीच आलं नाही. पुढे कित्येक शुक्रवार ती पत्रांच्या पेटीत त्याचं नाव शोधायची. शेजारची मुलगी हळूहळू पुन्हा बोलू लागली. ती पूर्वीइतकं कधी बोलली नाही.

बाद फेरीत तर भाकिताची पार दाणादाण उडाली. ज्याला महानंदाने विजेतेपदासाठी सगळ्यांत जास्त, म्हणजे एकोणीस टक्के दिले होते, तो संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. अंतिम मालिकेत सहा टक्केवाला संघ पोचला. शेवटच्या निर्णायक सामन्याच्या सकाळी सगळे लवकर ऑफिसला आले, कुणीतरी इडल्या आणल्या होत्या. भाकीत आधीच पाठवून झालं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बोला मॅडम," राजसने विचारलं. "कोण जिंकणार?"

"बावन्न आणि अठ्ठेचाळीस."

"हे काय उत्तर झालं?"

"एवढंच माहीत आहे आपल्याला."

तिने पहिल्यांदाच सबंध सामना बघितला. धावा मांडल्या नाहीत, काही मोजलं नाही. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात एक चेंडू उंच उडाला, दिव्यांच्याही वर गेला, आणि कुंपणाजवळचा खेळाडू मागे मागे धावत सुटला. तो झेल घेईल की चेंडू सुटेल? महानंदाच्या हातातली इडली तशीच राहिली. ती कधी खुर्चीवरून उठून उभी राहिली, ते तिचं तिलाच कळलं नाही.